दीडशेवाल्या बाई

बारामतीतल्या एका लॅबमध्ये सुप्रिया गावडे दिवसभर रक्ताचे नमुने तपासायची आणि घरी आली की गेम खेळायची. गोळीबाराचे किंवा गाड्या उडवायचे नव्हेत. तिला आवडायचे ते साहसाचे छोटे गेम, एकट्यादुकट्या माणसानं घरी बसून बनवलेले. त्यात एखादं बंद घर असतं, हरवलेलं माणूस असतं, आणि लोकांशी बोलत, वस्तू धुंडाळत, डोकं चालवत आपण पुढं जायचं असतं. असे गेम रोज ढिगानं निघतात. त्यातला कुठला घ्यावा आणि कुठला घेऊ नये हे मराठीत सांगणारं तिला कोणी सापडलं नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःच चॅनल काढलं. नाव ठेवलं ‘खेळून सांगते’.

चॅनलचे तिनं स्वतःपुरते दोन नियम केले होते. गेम आपल्या पैशानं विकत घ्यायचा, बनवणाऱ्याकडून फुकट घ्यायचा नाही. आणि शेवटी आपला भाव सांगायचा. स्टोअरवर किंमत काहीही लिहिलेली असो, आपण असतो तर या गेमला किती दिले असते तो आकडा तोंडानं बोलायचा. तिच्या वडिलांचा मार्केट यार्डात भाजीचा गाळा होता. लहानपणी सकाळी त्यांच्याबरोबर जायची तेव्हापासून तिला भाव मोठ्यानं बोलायची लाज वाटत नव्हती. लोकांना हेच आवडायचं. अकरा हजार माणसं तिचं चॅनल बघायची आणि त्यातले बरेच जण व्हिडिओ पुढं ढकलून थेट भावावर जायची.

जानेवारीत तिनं ‘पाटकरी’ नावाचा गेम घेतला. किंमत चारशे एकोणपन्नास. मराठीतला गेम, तोही कालव्यावरचा, म्हणून तिनं उत्साहानं सुरू केला. कालव्याचं पाणी पाळीनं सोडणारा, दारं उघडझाप करणारा एक म्हातारा पाटकरी. टोकाच्या गावाला पाणी पोचत नाही, ते मध्येच कुठं जातं याचा शोध घेत तो कालव्याच्या फाट्याच्या कडेनं चालत निघतो. बांधावरच्या लोकांशी बोलायचं, दारं तपासायची, पाण्याची खूण मोजायची. चित्रं हातानं काढलेली, सुरेख. म्हाताऱ्याला आवाज कुणा खऱ्याच म्हाताऱ्यानं दिलेला. शेवटी टोकाच्या गावात पाणी पोचतं, पोरं पाटात उड्या टाकतात, पडदा काळा होतो, संथ सूर वाजायला लागतो आणि पांढऱ्या अक्षरांत एकेक नाव खालून वर सरकायला लागतं.

सुप्रियानं घड्याळात पाहिलं. एक तास पस्तीस मिनिटं. तिनं गेम बंद केला.

व्हिडिओत ती जे बोलली ते असं होतं: “चित्रं चांगली आहेत, त्यात वादच नाही. पण गोष्ट? पाणी अडलं होतं, पाणी सुटलं, संपलं. म्हातारा बोलत राहतो आणि गोष्ट कुठंच जात नाही. दीड तासाच्या या गेमला साडेचारशे मागणं मला पटत नाही. माझा भाव दीडशे. सेल लागेपर्यंत थांबा.”

व्हिडिओ बराच चालला. तिच्यापेक्षा मोठ्या एका चॅनलवाल्यानं तिचंच मत आपल्या व्हिडिओत सांगितलं. खाली लोकांनी लिहिलं, बरं झालं ताई, पैसे वाचले. सुप्रिया पुढच्या गेमला लागली.

बारा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, त्या व्हिडिओखाली संदेश नावाच्या कुणाची एक ओळ आली. “ताई, तुम्ही अर्धाच गेम खेळलात.”

तिला आधी रागच आला. बनवणाऱ्यांचे मित्र असं काहीबाही लिहितात हे तिला माहीत होतं. पुसून टाकावं असंही मनात येऊन गेलं. पण लॅबमधली सवय आड आली. तिथं एखाद्या आकड्याबद्दल शंका आली की वाद घालत बसायचं नाही, नमुना पुन्हा लावायचा. तिनं चहाचा कप घेतला, कॉम्प्युटर लावला आणि आपण जिथं थांबलो होतो तिथून गेम उघडला.

पोरांनी उड्या टाकल्या. पडदा काळा झाला. सूर, आणि नावं. या वेळी तिनं हात कशालाच लावला नाही. नावं सरकत राहिली. आता नीट वाचल्यावर तिच्या लक्षात आलं की ही गेम बनवणाऱ्यांची नावं नव्हतीच. रामा धोंडी, दोन एकर. सखाराम बाबू, एकर अर्धा. ही पाण्याच्या पाळीची यादी होती. कुणाला कुठल्या वारी पाणी, त्याची. पावणेदोन मिनिटांनी यादी थांबली. काळ्या पडद्यावर नुसता म्हाताऱ्याचा आवाज आला.

“ह्यात एक नाव कमी हाय.”

आणि पडदा उजळला. म्हातारा त्याच फाट्यावर उभा होता, फक्त आता त्याचं तोंड उलट्या दिशेला होतं, पाणी जिथून येतं तिकडं.

सुप्रियानं चहा बाजूला ठेवला तो ठेवलाच. दुपारी नवरा अविराज जेवायला बोलवायला आला तरी ती तिथंच होती. उरलेला गेम चार तासांचा होता. यादीतून सुटलेलं नाव कोंडाबाई नावाच्या एका बाईचं होतं, आणि तिचं नाव कुणी खोडलं याचा माग काढत म्हातारा मागं मागं जात राहतो. प्रत्येक दाराशी त्याला जुना एकेक माणूस भेटतो. शेवटी मुख्य दाराशी पोचल्यावर त्याला आठवतं, की साहेबाच्या सांगण्यावरून ते नाव पंचवीस वर्षांपूर्वी त्यानंच खोडलं होतं, स्वतःच्या हातानं. तिथं त्या आवाजानं जे बोलणं केलं होतं ते ऐकताना सुप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला आठवलं, की याच आवाजाबद्दल आपण काय बोललो होतो.

“काय झालं?” अविराजनं विचारलं.

तिनं सांगितलं.

“मग काढून टाक की व्हिडिओ. कोण विचारतंय?”

“नऊ हजार लोकांनी बघितलाय तो. काढला तर त्यांना काय कळणार? त्यांना एवढंच माहीत राहणार की गेम टाकाऊ आहे.”

“मग दुसरा व्हिडिओ कर. चुकले म्हणून सांग.”

“करणारच आहे. पण आधी त्या माणसाला सांगायला पाहिजे. लॅबमधून चुकीचा रिपोर्ट गेला तर आम्ही आधी पेशंटला फोन करतो, अहो. मग बाकीचं.”

तिनं गेमच्या पानावरच्या पत्त्यावर मेल टाकली. दोन दिवस उत्तर नाही. मग संदेशलाच विचारलं. त्याचं उत्तर लगेच आलं. गेम बनवणारा माऊली बोराटे, वालचंदनगरजवळच्या कळंबचा. संदेश त्याचा वर्गमित्र. “तो फोन उचलत नाही ताई. आठ दिवस झाले, कुणाचाच उचलत नाही. गेम स्टोअरवरून काढतो म्हणत होता.”

कळंब. सुप्रियाला वाटलं होतं गेम बनवणारा पुण्यात किंवा बंगळुरात असेल. तिनं तर बोलताना समोर माणूस आहे असा विचारच केला नव्हता. आणि तो होता तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

बुधवारी तिनं सुट्टी टाकली आणि स्कूटी काढली. अविराज बरोबर येतो म्हणाला, पण ती नको म्हणाली. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, दोन दोन ट्रॉल्या मागं जोडलेल्या, त्यांना ओलांडून जायला जागा मिळेना. ट्रॉलीमागून हळूहळू जाताना ती मनात वाक्यं जुळवत होती. माझ्याकडून चूक झाली. नाही, माझी चूक झाली. त्यांनी दार लावून घेतलं तर? शिव्या दिल्या तर? दिल्या तर ऐकून घ्यायच्या, असं ठरवून ती जंक्शन गावातून वालचंदनगरकडं वळली.

कळंबमध्ये बोराट्यांचं घर लगेच सापडलं. रस्त्याला लागून, पत्र्याची पडवी, पुढं डाळिंबाची बाग. पडवीत एक म्हातारे गृहस्थ बाजेवर बसले होते, आणि खाली एक बाई सुपात घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या.

“माऊली बोराटे इथंच राहतात का?” सुप्रियानं विचारलं.

म्हाताऱ्यांनी झटकन मान वर केली. “पुन्हा बोला.”

“माऊली हवे होते. मी बारामतीहून आलेय.”

“तुमी त्या दीडशेवाल्या बाई न्हाय का?”

ज्या आवाजानं हे विचारलं तो तिनंही ओळखला होता. गेममधला पाटकरी तिच्यासमोर बाजेवर बसला होता.

“हो आबा,” ती म्हणाली. “मीच ती.”

“आवाज वळखला. पोरानं तीनदा लावला तुमचा व्हिडिओ. तिन्ही येळेला मी हितंच बसल्यालो.”

“अवो, पाणी तरी प्यू द्या त्यास्नी आधी,” शेंगा निवडणाऱ्या बाई म्हणाल्या आणि उठल्या. त्या माऊलीची आई, ठमाबाई. त्यांनी तांब्या आणून दिला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. आत वळून त्यांनी हाक मारली, “माऊली, बाहीर ये. बारामतीच्या बाई आल्यात.”

माऊली बाहेर आला. तिशीच्या आतला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सुप्रियाचं नाव ऐकून तो दाराच्या चौकटीतच थांबला.

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. ती सरळच बोलली. “मी तुमचा गेम अर्धा खेळून भाव सांगितला. मला पुढं काही आहे हे कळलंच नाही. रविवारी पूर्ण खेळले. माझं चुकलं. तेवढं सांगायला आलेय.”

माऊली एक पाऊल पुढं आला.

“अर्धा म्हंजे?” माऊलीनं विचारलं. “कुठपर्यंत?”

“पाणी पोचतं तिथपर्यंत. नावं यायला लागली, मला वाटलं गेम संपला. बंद केला.”

“नावं...” माऊली म्हणाला. “ती पाळीपत्रकाची नावं हायत.”

“आता कळलं. तेव्हा काळा पडदा, संगीत, खालून वर जाणारी नावं. सिनेमा संपल्यावर असतात तशी. मला वाटलं, बनवणाऱ्यांची नावं आहेत.”

माऊली गरकन वळून आत गेला. सुप्रियाला वाटलं, झालं, आता बाहेर येत नाही हा. पण तो लॅपटॉप घेऊनच परत आला, बाजेच्या कडेला टेकला आणि भराभर काहीतरी उघडायला लागला.

“ताई, इकडं या. हे बघा.” पडद्यावर आकड्यांचा तक्ता होता. “आत्तापर्यंत तीनशे बारा जणांनी गेम घेतला. त्यातल्या एकशे सत्तेचाळीस जणांनी परत केला. स्टोअरचा नियम हाय, दोन तासांच्या आत खेळून परत दिला तर पैसे माघारी. आता ह्या माणसांनी किती वेळ खेळला बघा. एक तास चाळीस. एक तास तीस. एक तास अठ्ठेचाळीस. तुमचा ‘दीड तास’ ऐकूनपण मला वाटलं, सगळे कंटाळून सोडतायत. दीड तास कशीबशी कळ काढतात आन् मग सोडून देतात. पण सगळे एकाच जागी...”

“सगळे नावांवर बंद करतायत,” सुप्रिया म्हणाली.

“नावांवर,” माऊली म्हणाला. त्यानं दोन्ही तळवे तोंडावर धरले. त्याचे खांदे हलायला लागले तशी ठमाबाई घाबरून पुढं झाल्या. पण तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. “आई, लोकांना गेम कंटाळवाणा वाटला न्हाय गं. त्यांना वाटलं, संपला!”

“मग बरंच की,” ठमाबाई म्हणाल्या, त्यांना पूर्ण कळलं नव्हतं तरी. “मग रडतोस कशापायी?”

सुप्रियानं विचारलं, “पण तुम्ही बाहेर काढायच्या आधी कुणाला खेळायला दिला नव्हता?”

“दिला की. संदेशला दिला, माझ्या बहिणीला दिला, पुण्यातल्या कंपनीतल्या चार दोस्तांना दिला.”

“एकट्याला?”

माऊली विचारात पडला. “न्हाय. शेजारी बसून खेळवला.”

“आणि नावं आली की?”

“मी म्हणायचो, थांब, अजून हाय.”

हे बोलून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. चार वर्षं पुण्यात जाहिरातींची चित्रं काढून, मग नोकरी सोडून गावी येऊन दोन वर्षं मागच्या खोलीत बसून त्यानं हा गेम केला होता. दोन वर्षांत हे एक वाक्य तो प्रत्येकाला स्वतः तोंडानं सांगत आला होता, आणि विकत घेणाऱ्याच्या शेजारी बसायला तो नव्हता.

इतका वेळ गप्प असलेल्या म्हाताऱ्यांनी खाकरून घसा साफ केला. “बाई, एक इचारू का?”

“विचारा ना आबा.”

“तुमी म्हणला हुता, म्हातारा बोलत ऱ्हातो आन् गोष्ट कुठंच जात न्हाय.”

सुप्रियानं मान खाली घातली. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती होती.

माऊलीचे वडील गेणबा बोराटे बत्तीस वर्षं खरोखरचे पाटकरी होते. लेकानं माईक समोर ठेवला तेव्हा आधी ते लाजले होते, मग त्यांना गोडी लागली. पुढच्या गेमसाठीही बोलायचं त्यांनी कबूल केलं होतं. पण व्हिडिओ ऐकल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या बडबडीनं पोराचा धंदा बुडाला, असं ते ठमाबाईंजवळ म्हणाले होते. ही सगळी हकीकत ठमाबाईंनी सुप्रियाला नंतर, चुलीपाशी सांगितली. त्या घडीला तिला एवढंच दिसलं की म्हातारा माणूस बाजेची दोरी बोटानं उकरत उत्तराची वाट बघतोय.

“आबा,” ती म्हणाली, “गोष्ट जिथं जाते तिथं मी गेलेच नव्हते. रविवारी गेले. मुख्य दाराशी तुम्ही म्हणता, ‘माझ्याच हातानं खोडलं, आन् त्या रातीला मी जेवलो बी.’ ते ऐकून मी कॉम्प्युटरसमोर रडले. तुमचा आवाज नसता तर त्या गेममध्ये नुसती चित्रं उरली असती. मी पूर्ण न ऐकता बोलले. मला माफ करा.”

गेणबांनी बोट थांबवलं. “रडला व्हय?”

“हो.”

“ते वाक्य माजं हाय,” ते म्हणाले. “पोरानं न्हाय लिहिलं. मीच बोललो. खरं हाय का खोटं ते मातर इचारू नका. त्यानं बी इचारलं न्हाय.”

कुणीच विचारलं नाही. पण माऊलीचा चेहरा एकदम उतरला होता. “ताई, मी आबांचा आवाज गेममधनं काढायला घेतलाय. आठ दिवस तेच करतोय. नुसती अक्षरं ठेवायची म्हणून. निम्म्याच्या वर काढला.”

सुप्रिया पुढं झाली. “मूळ फाइल? ती आहे ना?”

“मूळ...” माऊली लॅपटॉपवर वाकला. एक फोल्डर उघडलं, रिकामं निघालं. दुसरं उघडलं. गेणबाही बाजेवरून पुढं वाकून बघायला लागले, जणू त्यांनाही त्यातलं कळत होतं. माऊली उठून आत गेला, खण उघडल्याचा आवाज आला, वस्तू सरकवल्याचा आवाज आला. तो एक छोटी हार्ड डिस्क घेऊन बाहेर आला, ती जोडली. “हाय,” तो म्हणाला. “हाय, हाय. सगळं हाय. पहिल्या दिवसापासूनचं.” त्यानं एक फाइल लावली आणि पडवीत गेणबांचाच आवाज घुमला, “दार क्रमांक सात. उघडं कुणी ठिवलं हे?” ठमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सुप्रिया खाली जात्याच्या कट्ट्यावर बसली. आपण इतका वेळ उभ्याच होतो हे तिला तेव्हा कळलं.

मग चहा झाला आणि चहाबरोबर काम सुरू झालं. नावांचं करायचं काय? माऊली म्हणाला, खाली एक ओळ टाकू, ‘गेम अजून बाकी आहे’.

“नको,” सुप्रिया म्हणाली. “मजा जाते. एक नाव कमी आहे हे ऐकल्यावर जो धक्का बसतो तो जातो.”

“तुला मी तवाच सांगितलं हुतं,” गेणबा म्हणाले. “पाळीपत्रक काळ्या पाटीवर आपोआप वर सरकतंय व्हय? आमच्या पाटावरच्या चौकीत ते भितीला चिकटवल्यालं असायचं. पिवळा कागद. त्येच्याम्होरं उभं ऱ्हायचं आन् बोट फिरवत वाचायचं. बोट थांबलं की वळखायचं, काय तरी चुकतंय.”

माऊलीनं लॅपटॉपवरून मान वर केली.

“बोट,” माऊली म्हणाला.

“खेळणाऱ्यानं फिरवायचं,” सुप्रिया म्हणाली. “आपोआप काहीच सरकायला नको. त्याला हात चालवावा लागला की तो बंद कशाला करेल?”

माऊलीनं तिथल्या तिथं मोबाइल काढला, भिंतीला एक पिवळा कागद लावला आणि वडिलांना त्यावर बोट फिरवायला लावून फोटो काढले. गेणबांनी आधी हात धुऊन घेतला. “नख कापू का?” त्यांनी विचारलं. माऊली म्हणाला, “राहू द्या, आबा.”

जेवल्याशिवाय ठमाबाईंनी सुप्रियाला सोडलं नाही. घेवड्याची भाजी, बाजरीची भाकरी, ठेचा. जेवताना माऊलीनं चाचरत विचारलं, “ताई, एक सांगा. पूर्ण खेळून तुमचा भाव काय?”

सुप्रियाला घास घेता घेता थांबावं लागलं. मनावरचं ओझं उतरलं होतं, घरात हसू आलं होतं, आणि साडेचारशे म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. पण मग आपल्या आकड्याला काय अर्थ राहिला?

“चारशे,” ती म्हणाली.

“साडेचारशे का न्हाय?”

“होडीचा भाग लांबलाय. आणि चौथ्या दाराचं कुलूप कसं उघडायचं हे गेममध्ये कुठंच कळत नाही. मी वीस मिनिटं नुसती चाचपडत होते.”

ठमाबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या. माऊली मात्र खुशीत आला. “कुलपाचं बरोबर हाय तुमचं. होडी मी कापणार न्हाय.”

“नका कापू. तुमचा गेम आहे.”

“चारशे,” गेणबा मान हलवत म्हणाले. “दीडशेवरनं चारशे. कुठल्या बाजारात एवढी तेजी येती, सांगा.”

नवीन यादी बसवायला माऊलीला दहा दिवस लागले. दुरुस्त गेम स्टोअरवर चढला त्या संध्याकाळी सुप्रियानं व्हिडिओ टाकला. त्यात तिनं कुठलाही आडपडदा ठेवला नाही. आपण कुठं थांबलो, का थांबलो, शंका घेणाऱ्याचा आधी राग कसा आला, सगळं सांगितलं. जुना व्हिडिओ तिनं पुसला नाही, त्याच्या सुरुवातीला फक्त लिहून ठेवलं की हा रिव्ह्यू अर्ध्या गेमवरचा आहे, नवा बघा. शेवटी आपला भाव सांगितला आणि चौथ्या दाराचं कुलूप आता सुधारलंय हेही सांगितलं. व्हिडिओ टाकून ती मोबाइल उलटा ठेवून बसली. आता लोक म्हणणार, हिला खेळता येत नाही आणि ही भाव सांगते.

तसं म्हणणारे निघाले. पंधरावीस जण. दोघांनी तर चॅनल सोडून जातो म्हणून सांगितलं. पण त्याखाली दुसऱ्याच ओळी येत होत्या. नांदेडचा एक जण म्हणाला, मीपण नावांवरच बंद केला होता, आता पुन्हा घेतला. सांगलीच्या एका शिक्षिकेनं लिहिलं, माझे वडील पाटकरी होते, त्यांना शेजारी बसवून खेळले. त्या मोठ्या चॅनलवाल्यानंही आपला शब्द मागं घेतला, जरा आडवळणानं, पण घेतला. अविराज संध्याकाळी आपलं दुकान बंद करून आला तो मोबाइल हातात घेऊनच, आणि वाचून दाखवायला लागला. सुप्रिया म्हणाली, “राहू द्या हो आता.” पण ती ऐकत होती.

फेब्रुवारी संपता संपता, दुपारच्या सुट्टीत ती लॅबच्या मागच्या खोलीत डबा उघडत असताना माऊलीचा फोन आला.

“ताई, नऊ दिवस झाले. एकपण गेम परत आला न्हाय.”

“एकही नाही?”

“एकपण न्हाय. मी रोज बघतोय. किंमत चारशे एकोणपन्नासच ठेवलीय बरं का. राग मानू नका.”

“मी कशाला राग मानू?” ती हसली. “मी भाव सांगणार, किंमत तुम्ही ठेवायची.”

फोनमधून मागं कुणीतरी बोलत होतं. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, कधी दमानं, कधी रागानं, कधी नुसतं पुटपुटून.

“आबा आहेत का ते?”

“व्हय. सकाळपासून खोलीतच हायत. नव्या गेमची पहिली दोन पानं दिली तर म्हणाले, हे वाक्य तुझं चुकतंय, असं कुणी बोलत न्हाय. आता दहा प्रकारे बोलून दाखवतायत. मला चहाला पण उठू देईनात.”

“मग जा तुम्ही,” सुप्रिया म्हणाली. “त्यांना थांबवू नका.”

फोन ठेवून तिनं डबा पुढं ओढला. गवारीची भाजी होती, गार झालेली. तिनं पोळीचा मोठा तुकडा मोडला आणि पोटभर, सावकाश जेवली.